दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पेण, ८ जून २०२५

हेमांगी,

तू खोटं लिहिलंस.

सुश्रुतच्या पेजवर सध्या टूम निघाली आहे. आयर्न हेरॉन हा बँड तुम्हाला पहिल्यांदा कुठे सापडला, ते ज्याने त्याने लिहायचं. कुणाला काकाच्या कपाटात सापडला, कुणाला हॉस्टेलच्या भिंतीपलीकडून. मला तिथून काढून टाकलंय, म्हणून मी दुसऱ्या नावाने वाचतो. परवा तुझं आलं. ‘माझ्या दादाच्या हेडफोनवर. तेव्हा मी आठवीत होते.’ खाली दोनशे बदाम.

आठवीत म्हणे. सुश्रुतच्या खोलीतून तो गोंगाट सुरू झाला की तू दार लावून घ्यायचीस. हे तूच मला सांगितलंस, कुंडलिकेच्या काठावर बसून, माझ्या पिशवीतली चिंच खाताना.

मग ऐक तुला बँड कुठे सापडला ते. आपण एफ.वाय.ला होतो. कॉलेजचं एनएसएसचं शिबिर नागोठण्याजवळ आमच्या आदिवासी वाडीवर आलं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर बंधारा घालायचा होता. रोह्याची मुलं गोण्या कमी भरत होती आणि फोटो जास्त काढत होती. तू भरत होतीस, हाताला फोड आले तरी. तिसऱ्या दिवशी पाणी मागायला आमच्या दारात आलीस. बाबा ओट्यावर टेप लावून बसला होता. दुसरी बाजू, तिसरं गाणं. तू तांब्या हातात धरून तशीच उभी राहिलीस. गाणं संपल्यावर म्हणालीस, “हे आमच्या घरी वाजतं. पण असं नाही वाजत.”

ते ‘असं नाही’ मी किती दिवस छातीशी धरून झोपलो ते तुला कळायचं नाही.

आता कामाचं. १९ ऑगस्टला रोह्याच्या कोर्टात तुझी साक्ष आहे. समन्स आलं असेल. त्या दिवशी स्टेजच्या मागे तू, मी आणि सुश्रुत, तिघंच होतो. वकील म्हणतात, सगळं तिच्या तोंडावर आहे. तुला काही बनवून सांगायचं नाही. मी त्याला एक थोबाडीत मारली, त्याचा तोल गेला, माइकचा लोखंडी स्टँड खाली पडला होता त्यावर उजवा कान आपटला. एवढंच म्हण. एवढ्याने मी सुटतो.

जामिनावर आहे तोवर तुला भेटायचं, बोलायचं नाही, आणि तारखेशिवाय रोहा तालुक्यात पाय टाकायचा नाही. नागोठणं रोहा तालुक्यात येतं, म्हणजे मला माझ्या घरीही जायचं नाही. पेणला गुणाजीकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात काम करतो आणि तिथेच वरती राहतो. पत्र लिहिलेलं चालतं का, हे मी वकिलांना विचारलेलं नाही. ऋतुजा रोज रोह्याहून इथल्या बँकेत येते, तुझी मैत्रीण म्हणून तिच्या हातात दिलं. घेत नव्हती. मी तिच्या बँकेच्या पायरीवर तीन दिवस बसलो तेव्हा घेतलं.

पेजवरचं ते बदल.

गोरख

—

पेण, २२ जून

हेमांगी,

उत्तर नाही. पेजवरचंही बदललं नाहीस. उलट त्याला आणखी साठ बदाम आले.

ठीक आहे, मग माझी कहाणी तूच वाच, पेजवर तर कुणी छापणार नाही.

माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी बाबा नागोठण्याच्या कंपनीच्या कॉलनीत हमालीला जायचा. एक परदेशी इंजिनिअर बिऱ्हाड हलवून निघाला होता. सगळं सामान खोक्यांत बसलं, एक टेप आणि एक कॅसेट राहिली. ती त्याने बाबाच्या हातात ठेवली आणि गाडीत बसून गेला. कॅसेटच्या कागदावर एका पायावर उभा बगळा, आणि त्याच्या गुडघ्याला नटबोल्ट. बाबाला नाव वाचता येत नव्हतं. आमच्या वाडीत त्या बँडला आजही बगळेवाले म्हणतात. लग्नात हळदीची गाणी म्हणून म्हणून बायका दमल्या की कुणीतरी ओरडायचं, “पांडू, तुझे बगळेवाले लाव रं.” शब्द कुणाला कळत नव्हते. म्हाताऱ्याही मान हलवायच्या.

मग आंबा नदीला तो मोठा पूर आला. मी तेव्हा वर्षाचा होतो. बाबाने एका हातात मला घेतलं, डोक्यावर टेप घेतला आणि टेकाडावर चढला. कॅसेट खुंटीवरच्या पिशवीत राहिली. चार दिवसांनी चिखलातून काढली. बाबाने तिचे बारीक स्क्रू काढले, फीत स्वच्छ पाण्यातून काढली आणि वलणीवर वाळत घातली. हसू नको. आई सांगते, दोन दिवस आमच्या वलणीवर लुगड्यांच्या शेजारी बगळेवाले वाळत होते. मग पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळली. वाजली. पण जिथे फीत वलणीच्या गाठीवरून गेली होती, तिथे ती ताणली गेली. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता माणसाचा आवाज उरतो, तिथे तो आवाज खोल जातो, रेंगाळतो, दम घेतो आणि मग वर येतो.

मला वाटायचं, तो माणूस तिथे रडतोय.

हे ताणलेलं आहे हे मला ठाऊक नव्हतं, हेमांगी. बाबाने कधी सांगितलं नाही, त्याच्या लेखी ती कॅसेट वाचली एवढंच होतं. वलणीची गोष्ट मी हजार वेळा ऐकली होती, पण ती आणि हा आवाज यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही. मोबाईलवर ऐकलं नव्हतंस का, असं फौजदारानेही विचारलं. बाकीची गाणी ऐकली होती. ते एक नाही. ते मोबाईलवर ऐकणं म्हणजे आईला सोडून दुसऱ्या बाईला आई म्हणण्यासारखं वाटायचं.

मग तो जानेवारी. एस.वाय.चं स्नेहसंमेलन. सुश्रुतच्या बँडची मुलं तेच गाणं बसवून आली होती आणि गाणारा ऐन वेळी तापाने पडला. तू सुश्रुतला म्हणालीस, “गोरखला शब्द न् शब्द पाठ आहे.” मला स्टेजवर तू ढकललंस. हाताने ढकललंस, माझ्या पाठीला अजून तुझा पंजा कळतो.

दोन कडवी बरी गेली. शेवटच्या कडव्यात वाद्यं थांबली, आणि मला जसं येत होतं तसं मी ओढलं. खोल नेलं, रेंगाळलो, दम घेतला. मागून ड्रम आणि गिटार आपल्या वेळेला आली, मी अजून दम घेत होतो. सगळं एकमेकांवर पडलं. सुश्रुतने गिटार थांबवली, माइक ओढला आणि म्हणाला, “सांभाळून घ्या मंडळी, यांच्या वाडीवर गाणं जरा उशिरा पोचतं.”

अख्खा हॉल हसला. प्राध्यापकही हसले.

हे बोलणं जर कुणी तुझ्या घराबद्दल बोललं असतं तर? वकील म्हणतात, उलटी केस टाकू, वाडी काढलीय त्याने. मी अजून हो म्हटलेलं नाही, ते तुझ्याकडे बघून.

पण माझा हिशेब तुझ्याशी आहे. तुझ्या घरात तेच गाणं सरळ वाजत होतं. तुला माहीत होतं. वर्षभर माझ्या शेजारी बसून ऐकलंस, त्या जागेवर डोळे मिटून घ्यायचीस आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस.

गोरख

—

पेण, १३ जुलै

हेमांगी,

ऋतुजाने तुझा निरोप आणला. दोन पत्रांना मिळून एक ओळ. ‘त्याला म्हणावं, स्टँड कुणी उचलला ते लिही.’

वा. शिकलेली माणसं तुम्ही.

मी ते ऐकून ऋतुजावर ओरडलो. भर रस्त्यात, बँकेसमोर. ती बिचारी म्हणाली, “माझ्यावर का ओरडतोस? मी काय पोस्टमन लागून गेले तुमची?” आणि रडली. तिला सांग माझं चुकलं. मीही सांगितलं, पण तिने ऐकलं नाही, सरळ आत निघून गेली.

कारखान्यात आलो तो डोकं पेटलेलं. गणपती दीड महिन्यावर आलेत, मूर्तींच्या रांगा लागल्यात, सगळ्यांना रंग झालाय आणि डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी गुणाजीकाका करतात. या वर्षी लहान मूर्तींचे डोळे मला देतात. आखणीला बसण्याआधी ते हात गार पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवायला लावतात आणि मग मनगट धरून बघतात. त्या दिवशी धरलं आणि म्हणाले, “ऊठ. आज तुझा हात तापलाय.” मी ऐकलं नाही. काका जेवायला गेले तेव्हा बसलो. अकरा मूर्तींचे डोळे काढले. काका परत आले, रांगेसमोर उभे राहिले. मग म्हणाले, “गोरख, या अकरा जणांनी तुझं काय घोडं मारलंय?”

अकराच्या अकरा मूर्ती रागाने बघत होत्या. मला काढताना कळलं नव्हतं.

काकांनी एकेकीचे डोळे पुसले आणि पुन्हा रंग दिला. मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

स्टँड माझ्या हातात होता. झालं समाधान? हातात होता, कारण स्टेजवरून उतरताना मी माइक स्टँडसकट उचलून आणला होता, घाईत, मला कळलंही नाही. मारायला आणला नव्हता. सुश्रुत मागून हसत आला, “अरे, मजा केली, रागावतोस काय,” म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. मी झटकला. झटकताना लागलं.

हे असं म्हण. झटकताना लागलं. हेही चालेल, वकिलांना मी समजावेन.

मला तुरुंगाची भीती नाही असं मी सगळ्यांना सांगतो. तुला सांगतो, आहे. कोठडीत दोन दिवस होतो तेव्हा भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात दुसरी बाजू पूर्ण म्हणायचो, नाहीतर श्वास लागायचा. आणि आत गेलो तर बाहेर येईपर्यंत तू कुठल्या तरी गावच्या कुणाची तरी असशील. ऋतुजा म्हणत होती, स्थळं येतायत म्हणून. येऊ देत. तुझी मर्जी. मी असं लिहितोय आणि खाली कागद फाटतोय, बघ.

गोरख

—

पेण, ३ ऑगस्ट

हेमांगी,

शुक्रवारी ऋतुजा आपणहून कारखान्यात आली. उभ्या उभ्या बोलली. तुझा निरोप नव्हता. ती म्हणाली, “तुला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.”

ती वरसे गावात, तुमच्या घरी आली होती. सुश्रुत हेडफोन लावून बसला होता. तू तिला खूण केलीस, बघ म्हणून. त्याने गाणं लावलं. तेच. त्याची सुरुवात फक्त उजव्या बाजूला आहे, एकटी गिटार. डावी बाजू नंतर येते. सुश्रुत शांत बसला होता, मान खाली. खूप वेळाने त्याची मान डोलायला लागली. तू ऋतुजाला हळूच म्हणालीस, “आता सुरू झालं त्याचं.”

मला आधी कळलं नाही. उजवा कान कायमचा गेला हे कागदावर वाचलं होतं, त्याचा अर्थ ऋतुजा गेल्यावर कळला.

मी माळ्यावर गेलो, उजव्या कानात कापूस कोंबला, वरून तळहात दाबला. गुणाजीकाकांच्या मुलाचा हेडफोन घेतला होता. आणि ते गाणं मोबाईलवर लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. आकडे पुढे जात होते आणि कानात काही नाही. काही म्हणजे काही नाही. मी मोजलं, अठ्ठावीस सेकंद. मग डावीकडे ड्रम आला.

शेवटचं कडवंही ऐकलं. आवाज सरळ जातो. तिथे कुणी रडत नाही.

काल सगळा दिवस हात घमेल्यात होता, गार होत नव्हता.

आता लिहितो. हे मी वकिलांना सांगितलेलं नाही, बाबालाही नाही.

स्टँड चुकून आणला नव्हता. उतरताना तो दिसला, उचलला. सुश्रुतने खांद्यावर हात टाकला होता, तो मी झटकला, त्यात त्याला काही लागलं नाही. तो बाजूला झाला आणि खाली बसून गिटार पेटीत ठेवायला लागला. त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. माझ्याकडे त्याची उजवी बाजू होती. मी दोन्ही हातांनी मारलं. एकदाच मारलं, पण दोन्ही हातांनी.

तू समोर पडद्यापाशी होतीस. तू सगळं पाहिलंस. मी दीड वर्ष सगळ्यांना सांगतोय की तू बाजूला बघत होतीस.

आणि का मारलं, तेही सुश्रुतच्या बोलण्याने नाही. तसं बोलणं मी पहिलीपासून ऐकतोय, त्याने मला मारहाण सुचत नाही. हॉल हसला तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. तू हसत होतीस. तोंडावर हात होता, पण डोळे हसत होते. मी आता डोळे काढतो, मला ते फसवत नाहीत.

तुझ्यावर हात उचलता येत नव्हता. तो जवळ होता.

कदाचित तू घाबरून हसली असशील. कदाचित तुला वाटत असेल की मला गाण्यातलं ते ताणलेपण ठाऊक आहे, आणि मी मुद्दाम तसं गायलो, तुझ्यासाठी, आपल्या दोघांत म्हणून. हे मला आत्ता, लिहिताना सुचलं. दीड वर्षात एकदाही सुचलं नव्हतं. तसं असेल तर ते मला सांगू नको.

गोरख

—

पेण, १८ ऑगस्ट

हेमांगी,

उद्या तारीख आहे. हे तुला आज संध्याकाळी मिळेल.

मी वकिलांना सांगितलं की मला गुन्हा कबूल करायचा आहे. ते म्हणाले, “वेडा आहेस का? ती पोरगी काय बोलेल ते तरी बघ. मारणारा सगळ्यांत शेवटी बोलतो.” मी म्हटलं, मग तिला बोलावं लागेल. ते म्हणाले, अर्थात. म्हणून मी आधी बोलणार आहे. न्यायाधीश विचारतील ते सगळं सांगेन, स्टँडसकट. त्यानंतर तुला पिंजऱ्यात उभं राहून काही सांगायची पाळी येऊ नये. आलीच, तर जे पाहिलंस ते सांग. सगळं सांग. किती वर्षं होतील ते वकिलांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. उलटी केस टाकायची नाही हेही सांगितलंय. तो जे बोलला ते त्याच्यापाशी. मला ते आवडलं नाही, अजूनही नाही, पण ते वेगळं.

काल बाबा आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो मूर्तींकडे बघत बसला. मग म्हणाला, “दोन्ही हातांनी मारलास?” मी हो म्हटलं. त्याने स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं, जसे काही ते तेच हात होते. उठताना म्हणाला, “मग टेप कशाला मागवलास?”

टेप मी मागवला होता. तोच ऋतुजाच्या हाती पाठवतोय. गुणाजीकाकांनी मूर्ती बांधतात तसा पेंढ्यात बांधून दिलाय, गाडीत आपटला तरी काही होणार नाही. नवे सेल घातलेत. प्लेचं बटण बोटाने दाबून धरावं लागतं, सोडलं की उडतं. कॅसेट आत आहे, दुसरी बाजू वर आहे, दोन गाणी पुढे नेऊन ठेवली आहेत.

हे सुश्रुतसाठी आहे. तुझ्यासाठी नाही.

या टेपला एकच स्पीकर आहे. उजवं आणि डावं, सगळं त्या एका जाळीतून येतं. मी कापूस घालून, तळहात दाबून, चार वेळा बघितलं. सुरुवातीची गिटार ऐकू येते. पहिल्या सुरापासून येते.

माझं नाव सांगितलंस तर तो टेप भिंतीवर फेकेल. फेकू दे, त्याला हक्क आहे. बाबालाही मी तसं सांगितलंय, तो म्हणाला, त्याचा टेप, त्याची भिंत. पण फेकायच्या आधी एकदा त्याच्या डाव्या हाताला ठेव आणि बटण दाबून धर. शेवटच्या कडव्यात आवाज खोल जाईल. तो म्हणेल, कॅसेट खराब आहे. त्याला सांग की खराब नाही, ती पुरातून आली आहे.

तेवढ्या वेळात बटण सोडू नको.

गोरख